पिवळ्या पानातली वस्ती



स्मृतिव्याख्यानाची सुरुवात स्मरणाने करावी, अशी आपली रीत आहे. ज्यांच्या नावाने आपण दर वर्षी इथे जमतो त्यांना वंदन करतो आणि आज त्यांच्या जोडीने आणखी चार नावे घेतो : जी. एस. कुलकर्णी, बी. एन. उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर. पुणे शहरात राहून या चौघांनी पिकांच्या विषाणूंवर काम केले. त्यांतल्या बऱ्याच कामाला भारतात तरी आधीचा नमुना नव्हता. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयावरून आपण रोज जातो, पण ही नावे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहेत.

कुलकर्ण्यांनी १९२४ साली ‘पूना अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेज मॅगझिन’मध्ये मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या मोझॅक रोगांवर एक लेख लिहिला. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाची पहिली नोंद म्हणून आजही जगभरचे संशोधक त्याच लेखाकडे बोट दाखवतात. विषाणू दिसतो कसा, हे त्या वेळी पृथ्वीच्या पाठीवर कुणालाच माहीत नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंबाखूचा विषाणू दिसायला पुढे पंधरा वर्षे जायची होती. रोगट पानाचा रस बारीक गाळणीतून गाळला, तरी त्या रसाने निरोगी झाड आजारी पडते, म्हणजे बुरशी किंवा जिवाणूपेक्षा लहान असे काहीतरी त्यात असले पाहिजे, एवढ्यावर हे शास्त्र उभे होते.

पुढे १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी ‘करंट सायन्स’मध्ये भेंडीचा हा रोग विषाणूचाच आहे असे सांगितले आणि त्याला ‘यलो व्हेन मोझॅक’ हे नाव दिले. शेतकरी त्याला हळद्या म्हणतो, कुठे केवडा म्हणतो. बहुतेक ठिकाणी आता सरळ ‘व्हायरस आला’ एवढेच म्हणतात.

हे पान आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल, पण निरखले नसेल. सुरुवातीला कोवळ्या पानाच्या बारीक शिरा उजळतात. दोन-चार दिवसांत मुख्य शिराही पिवळ्या होतात आणि हिरव्या पानावर पिवळ्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखी दिसते. जाळीच्या घरांमधला हिरवा रंग हळूहळू विरतो. शेंड्याची पाने पूर्ण पिवळी, कधी पांढुरकी होतात. फळही फिके पडते, राठ होते, आखूड राहते. अशी भेंडी गुलटेकडीच्या बाजारात कुणी हातात धरत नाही. लागण लवकर झाली तर निम्म्यापासून ९४ टक्क्यांपर्यंत उत्पन्न बुडते, हे मोजून झाले आहे. पान उलटे केले की खाली पांढरी माशी बसलेली असते. ती जेमतेम एक मिलिमीटरची, पिठात बुडवून काढल्यासारखी, धक्का लागताच भुर्रकन उडते आणि पुन्हा त्याच झाडावर येते. हा विषाणू रस चोळून जात नाही, बियांतूनही जात नाही. कलमातून जातो आणि या माशीच्या सोंडेतून जातो. वर्मांनी १९५२ मध्ये माशी आणि विषाणू यांच्या नात्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये त्यांनी आणखी एक छोटे टिपण लिहिले : एकच पांढरी माशी एका वेळी एकापेक्षा जास्त विषाणू वाहून नेऊ शकते. आजच्या विषयाच्या दृष्टीने मला ते टिपण सगळ्यात मोलाचे वाटते. का, ते पुढे सांगतो.

आज मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. ‘भेंडीचा विषाणू’, ‘पपईचा विषाणू’ असे आपण एकवचनात बोलतो. त्या एकवचनाने आपले फार नुकसान केले आहे. पिवळ्या पानात असते ती वस्ती. एकमेकांशी नाते असलेल्या, पण तंतोतंत सारख्या नसलेल्या असंख्य विषाणूंची. आपण तिच्यातल्या एकाला नजरेसमोर ठेवून वाण काढतो, चाचणी बसवतो, फवारणी ठरवतो. उरलेल्यांतला कुणीतरी पुढच्या हंगामात शेत व्यापतो.

ही वस्ती तयार कशी होते, ते समजायला पुण्याइतकी सोयीची जागा नाही. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ते काम आठवा. १९१९ मध्ये सुरू झालेले काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. देशभरातून पोथ्या जमवल्या गेल्या. प्रत्येक पोथी कुणीतरी हाताने उतरवलेली. उतरवताना एखादे अक्षर चुकले, एखादी ओळ गळली. पुढच्या लेखकाने त्या चुकलेल्या पोथीवरून नक्कल केली आणि ती चूक पुढच्या सगळ्या पोथ्यांत गेली. कोणत्या पोथीत कोणती चूक आहे, यावरून काश्मीरची पोथी कोणती, दक्षिणेची कोणती, कोणाचे घराणे कोणते, हे संपादकांनी लावले. विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९३३ मध्ये आदिपर्वाला जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात एक अडचण वारंवार येते : काही लेखकांपुढे एकाच वेळी दोन घराण्यांच्या पोथ्या असत, आणि ते थोडे इकडचे, थोडे तिकडचे घेत. अशी मिश्र पोथी कोणत्याच घराण्यात नीट बसत नाही.

विषाणूंची वंशावळ लावणारा शास्त्रज्ञ आज नेमके हेच करतो. विषाणू म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला छोटासा मजकूर. पपईच्या रिंग स्पॉट विषाणूचा मजकूर आरएनएचा, सुमारे १०,३०० अक्षरांचा. पेशीत शिरल्यावर त्याच्या नकला निघतात आणि आरएनएच्या नकला करणाऱ्या विकराला मागे वळून शुद्धलेखन तपासता येत नाही. साधारणपणे दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे त्याची एक चूक होते. म्हणजे दर नकलेत नाही, तरी दर काही नकलांत एक चूक ठरलेली. एका पानात अशा नकला अब्जावधी निघतात. बहुतेक चुका घातक असतात, त्या नकला तिथेच संपतात. काहींनी काहीच बिघडत नाही. एखादीने मात्र विषाणूला असे काही मिळते, जे आधी नव्हते.

भेंडीचा विषाणू वेगळ्या कुळातला आहे. त्याचा मजकूर डीएनएचा, वर्तुळाकार, जेमतेम २,७५० अक्षरांचा. नकला करण्यासाठी तो झाडाचीच यंत्रणा वापरतो, आणि ती यंत्रणा शुद्धलेखन तपासणारी आहे. म्हणून या कुळातले विषाणू संथ बदलत असतील, असा समज होता. टोमॅटोच्या पर्णगुच्छ विषाणूंवरच्या अभ्यासाने २००८ मध्ये तो मोडला. त्यांच्या बदलाचा वेग आरएनए विषाणूंच्या तोडीचा निघाला. असे का व्हावे, यावर अजून मतभेद आहेत.

अक्षरांच्या चुकांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे ती मिश्र पोथी. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत आले, की नक्कल करता करता यंत्रणा एका मजकुरावरून दुसऱ्यावर जाते. निघालेली नक्कल अर्धी याची, अर्धी त्याची. आता वर्मांचे १९५५ चे टिपण आठवा. एकच माशी दोन विषाणू घेऊन एका झाडावर बसते. मिश्र पोथीसाठी लागणारे दोन मूळ ग्रंथ एकाच मेजावर आणून ठेवण्याचे काम तीच करते. पुण्यात हे लिहिले गेले तेव्हा डीएनएची रचना उलगडून फक्त दोन वर्षे झाली होती. विषाणूंचे मजकूर असे मिसळतात हे नंतर कळले. पण ते जिथे मिसळतात त्या जागेकडे इथल्या माणसाने आधीच बोट दाखवले होते.

याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे युगांडाने भोगले. १९९०च्या दशकात तिथल्या कसाव्यावर, म्हणजे ज्याच्या कंदांपासून आपला साबुदाणा होतो त्या पिकावर, मोझॅकची भयंकर साथ आली. १९९७ मध्ये तिच्या विषाणूचा मजकूर वाचला, तेव्हा तो दोन वेगळ्या आफ्रिकी विषाणूंच्या मिश्रणातून आलेला निघाला. जवळचे उदाहरण पंजाबातल्या कापसाचे आहे. पाकिस्तानातल्या मुलतान भागात पर्णगुच्छाने कापूस बसवला, तेव्हा प्रतिकारक वाण आले आणि कापूस पुन्हा उभा राहिला. २००१ मध्ये बुरेवाला इथे त्याच प्रतिकारक वाणांवर रोग दिसला. तो विषाणूही मिश्र निघाला. पुढे तो सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरला.

भेंडीच्या विषाणूला आणखी एक सोबती आहे. मदुराई कामराज विद्यापीठातल्या जोस आणि उषा यांनी २००३ मध्ये दाखवले, की विषाणूचा मुख्य डीएनए एकटा झाडात सोडला तर पाने थोडी मुडपतात, एवढेच. त्याच्याबरोबर सुमारे साडेतेराशे अक्षरांचे एक उपग्रह-वर्तुळ दिले, तरच कुलकर्ण्यांनी पाहिलेला पिवळा शिरारोग उमटतो. हा उपग्रह स्वतंत्रपणे वाढू शकत नाही, पण तो एका विषाणूची संगत सोडून दुसऱ्याची धरू शकतो. तेव्हा विषाणू बदलतो, उपग्रह बदलतो आणि त्यांच्या जोड्याही बदलतात. आज भेंडीच्या पिवळ्या शिरांमधून दिल्ली, हरियाणा, भुवनेश्वर अशी ठिकाणांची नावे लावलेल्या वेगवेगळ्या प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. ९१ टक्क्यांहून कमी साम्य असले की वेगळी प्रजाती, असा या कुळाचा नियम आहे. शेतकऱ्याला शेतात हे सगळे एकच दिसते. पिवळे पान.

इथे एक गोष्ट उलट्या बाजूने सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. विविधता जशी वाढते, तशी ती वाटेत गळतेही, आणि फार मोठ्या प्रमाणात गळते. अमेरिकेतल्या ली आणि रूसिंक यांनी काकडीच्या मोझॅक विषाणूचे १२ खुणा केलेले प्रकार तंबाखूच्या पानावर एकत्र टोचले. टोचलेल्या पानात जवळजवळ सगळे सापडले. त्याच झाडाच्या वरच्या नव्या पानांत पोचेपर्यंत त्यांतले बरेच नाहीसे झाले होते, आणि कोणत्या झाडात कोणते उरले, यात काही नियम दिसला नाही. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना किती विषाणू नेतो, हे फ्रान्समध्ये बटाट्याच्या वाय विषाणूवर मोजले गेले. एका माव्यामागे सरासरी अर्धा ते तीन कण. एवढ्या अरुंद बोळातून वस्ती पुढे जाते. पलीकडे जे पोचतात ते सर्वांत बलवान असतीलच असे नाही. कधी केवळ योगायोगाने एखादा दुर्मीळ प्रकार पलीकडे पोचतो आणि पूर्ण शेताचा मूळपुरुष होतो. म्हणून एका शेतातल्या विषाणूवरून शेजारच्या तालुक्याचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

आता परभणीकडे जाऊ. भेंडीतली ‘पुसा सावनी’ १९५०च्या दशकात दिल्लीत तयार झाली. तिने वर्षानुवर्षे शेतकऱ्याला साथ दिली, मग तिची ताकद संपली. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी मूळ प्रश्नाला हात घातला. लागवडीच्या भेंडीत प्रतिकार उरला नाही, तर तिच्या रानटी भावंडांत शोधायचा. त्यांनी पुसा सावनीचा संकर ‘अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट’ या दुसऱ्या जातीशी केला. असे आंतरजातीय संकर सहज फळत नाहीत. पहिल्या पिढ्या वांझ किंवा अर्धवांझ निघतात, फळ काटेरी, धाग्याचे असते. पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी संकर करून, दर पिढीत विषाणूच्या गर्दीत लावून, टिकेल तेच पुढे घेऊन त्यांनी ‘परभणी क्रांती’ सिद्ध केली. १९८६ मध्ये ‘हॉर्टसायन्स’ या नियतकालिकात तिची नोंद आली. तिने महाराष्ट्राबाहेरही भेंडी वाचवली. बियाणे स्वतः धरता येत असे, ही तिची मोठी गोष्ट. मराठवाड्यासारख्या कोरडवाहू, साधने अपुरी असलेल्या भागातल्या सरकारी विद्यापीठाने देशाला दिलेल्या उत्तमोत्तम देणग्यांत मी तिची गणना करतो.

परभणी क्रांतीचा प्रतिकारही पुढे बऱ्याच भागांत ढासळला. कारण याच दोघांच्या १९८१ च्या अभ्यासात दडलेले आहे. प्रतिकार एका प्रबळ जनुकावर उभा होता. एक जनुक म्हणजे एक कुलूप. विषाणूंच्या वस्तीत ते उघडणारा एखादा प्रकार असतो किंवा होतो, आणि सगळीकडे तोच वाण लावल्यावर त्याला जिल्हेच्या जिल्हे मोकळे मिळतात. इतर शेतांत तो कदाचित कधीच वर आला नसता. आपणच त्याला निवडून वर आणले. त्यानंतर आलेल्या अनेक संकरित वाणांचे हेच झाले आहे. दर काही वर्षांनी नवे पाकीट, नवे नाव, नवी किंमत, आणि मग पुन्हा पांढऱ्या माशीवर फवारण्या. मराठी शेतकऱ्याच्या भेंडीवर होणाऱ्या खर्चात हा भाग मोठा आहे आणि तो कमी करता येण्यासारखा आहे.

प्रत्येक कुलूप तुटतेच, असेही नाही. टोमॅटोतल्या ‘टीएम-टू-टू’ नावाच्या जनुकाने मोझॅक विषाणूंना जवळजवळ अर्धशतक रोखून धरले. ‘ब्राउन रुगोज’ नावाचा नवा विषाणू २०१४-१५ च्या सुमारास इस्रायल आणि जॉर्डनमध्ये दिसला, तेव्हाच ते हरले. काही प्रतिकार पाच वर्षे टिकतो, काही पन्नास. विषाणूला ते कुलूप उघडताना किती मोठी किंमत द्यावी लागते, यावर ते ठरते. ही किंमत वाण बाजारात येण्याआधी मोजता येते. त्यासाठी वाणाला एकाच ठिकाणच्या एकाच विषाणूसमोर उभे न करता जुन्नरच्या, नाशिकच्या, जळगावच्या, परभणीच्या वस्तीसमोर उभे करावे लागते.

पपईची गोष्ट आणखी जवळची आहे. कपूर आणि वर्मा यांनी १९४८ मध्ये मुंबई प्रांतातल्या पपईच्या मोझॅकची नोंद केली. हातासारख्या पानांची बोटे बारीक होतात, देठावर तेलकट रेघा आणि फळावर कडी उमटतात. पपई मूळची मध्य अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या मागून आपल्याकडे आली. तिच्यावरचा हा विषाणू मात्र तिच्याबरोबर आलेला दिसत नाही. जगभरच्या नमुन्यांचे मजकूर जुळवून पाहिले, तर सर्वाधिक विविधता दक्षिण आशियात आढळते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचा उगम सुमारे चारशे वर्षांपूर्वी, बहुधा भारतीय उपखंडात झाला असे सुचवले. याच विषाणूचा जवळचा भाऊ आपल्या काकडी-भोपळ्यांवर राहतो. घरच्या वेलींवरून तो पाहुण्या झाडावर गेला असावा.

याचा व्यवहारात फार मोठा अर्थ आहे. हवाई बेटांत पपईचा व्यवसाय या विषाणूने संपत आला होता. डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूच्या कवचाचे जनुक पपईत घातले आणि १९९८ मध्ये ‘रेनबो’ हा वाण शेतकऱ्यांना मिळाला. हवाईची पपई वाचली. पण त्याच वाणाला थायलंड, तैवान, ब्राझीलचे विषाणू टोचून पाहिले, तेव्हा तो आजारी पडला. हवाईत विषाणूची वस्ती एकसारखी होती, म्हणून हवाईच्याच विषाणूचा तुकडा तिथे पुरला. जिथे वस्ती सर्वांत जुनी आणि सर्वांत बहुरंगी आहे, त्या आपल्या देशात परदेशी तयार उत्तर आणून लावले तर ते टिकण्याची शक्यता कमी. पुण्यातल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या प्रादेशिक केंद्राने ‘पीएस-३’ ही रिंग स्पॉट सहन करणारी पपई निवडली. ते काम मला दिशादर्शक वाटते, कारण ते इथल्या वस्तीच्या गर्दीत उभे राहून झाले आहे. झाडाला लागण होते, तरी फळ येते. विषाणूला पूर्ण अडवणारा प्रतिकार फोडण्याची जशी त्याच्यावर सक्ती असते, तशी सहनशीलतेत नसते. अशा गुणांकडे आपण कमी लक्ष देतो, कारण ते प्रात्यक्षिकाच्या दिवशी डोळ्यांत भरत नाहीत.

२०२० च्या उन्हाळ्यात नारायणगाव, संगमनेर, अकोले भागातल्या टोमॅटोवर जे आले, ते आपल्याला आठवत असेल. फळ एका बाजूला लाल, मध्ये पिवळे, देठाकडे हिरवे. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हटले. टाळेबंदीत आधीच भाव पडलेले. त्यात टोमॅटो खाल्ल्याने माणसाला धोका आहे अशा बातम्या पसरल्या आणि उरलासुरला बाजारही गेला. वनस्पतींचे विषाणू माणसाला आजारी करत नाहीत. आपण ते भाजीबरोबर रोज खातो. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत मुख्यतः काकडीचा मोझॅक विषाणू आणि सोबत इतरही विषाणू सापडले. त्याच वर्षी जळगावच्या केळीवर हाच काकडीचा मोझॅक विषाणू (सीएमव्ही), म्हणजे तिकडचा हरण्या रोग, थैमान घालत होता. बाराशेहून अधिक वनस्पतींवर जगणारा हा विषाणू आपला मजकूर तीन वेगळ्या तुकड्यांत ठेवतो, त्यामुळे दोन प्रकार एका झाडात भेटले की तुकड्यांची अदलाबदल होते. केळीतला आणि टोमॅटोतला प्रकार एकच होता का, आधीच्या वर्षांपेक्षा तो वेगळा होता का, हे त्या क्षणी सांगायचे तर आधीच्या वर्षांची जपून ठेवलेली पाने हवी होती.

इथे मला आपल्या शहराविषयी बोलायचे आहे. राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ पासून पुण्यात आहे आणि करोनाच्या काळात तिचे नाव देशातल्या पोराटोरांच्या तोंडी होते. ‘व्हेरिएंट’ हा शब्द आपण तेव्हा शिकलो. विषाणू एकवचनी नाही, हे अल्फा आणि डेल्टाने घरोघर शिकवले. महिन्यामहिन्याला नमुने वाचले गेले आणि त्यावरून निर्णय झाले. पिकांच्या विषाणूंसाठी अशी सलग, न तुटणारी नोंद करणे अवघड राहिलेले नाही. भेंडीच्या विषाणूचा पूर्ण मजकूर वाचायला आज जो खर्च येतो, तो एका फवारणीच्या औषधाइतका खाली येत चालला आहे. कमतरता आहे ती नेमाने पान तोडून, वाळवून, नाव-गाव-तारीख लिहून ठेवणाऱ्या हातांची.

वाळवलेले पान किती बोलते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. तिथल्या वनस्पतिसंग्रहांत १८९९ पासून जमवलेली रानतंबाखूची पाने होती. विषाणूंसाठी ती कुणी जमवली नव्हती. १९९७ मध्ये संशोधकांनी त्या पानांतून विषाणूंचे मजकूर काढले. १९५० पूर्वीच्या पानांत दोन जातींचे विषाणू मिळाले, त्यानंतरच्या पानांत एकच. आणि उरलेल्या त्या विषाणूची विविधता जवळजवळ शंभर वर्षांत वाढलेली नव्हती. प्रत्येक विषाणू सदासर्वदा पुढेच धावतो, ही समजूत त्या कोरड्या पानांनी खोडून काढली. कोणता धावतो आणि कोणता स्थिर असतो, हे आपल्या पिकांबाबत आपल्याला आपल्याच पानांवरून शिकावे लागेल.

पुण्यात असे संग्रह आहेत. कोरेगाव पार्कमध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे. आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह आहे. महाविद्यालयांच्या कपाटांत जुन्या प्राध्यापकांनी जपलेले वाळलेल्या वनस्पतींचे कागद आहेत. संग्राहक सहसा निरोगी, देखणा नमुना तोडतो, त्यामुळे रोगट पिके त्यांत कमी असणार. पण बांधावरच्या, पडीक जमिनीतल्या ज्या तणांवर हे विषाणू पीक नसताना राहतात, ती तणे तिथे नक्कीच आहेत. ती पाने कापून पाहण्याची परवानगी, एका नखाएवढ्या तुकड्याची, संग्रहांनी द्यावी आणि विद्यापीठांनी मागावी.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५.६७ कोटी रुपयांचा स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. फळझाडांची विषाणूमुक्त रोपे देणारी नऊ केंद्रे त्यातून उभी राहणार आहेत. त्यांतली तीन महाराष्ट्रात आहेत : द्राक्षासाठी पुणे, संत्र्यासाठी नागपूर, डाळिंबासाठी सोलापूर. हे पाऊल फार चांगले आहे. कलमाने वाढणाऱ्या झाडांत विषाणू पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात, आणि शुद्ध मातृवृक्षाशिवाय त्याला उपाय नाही. फक्त एक सावधगिरी हवी. रोप स्वच्छ आहे, हे आपण पीसीआर चाचणीवरून ठरवतो आणि ती चाचणी विषाणूच्या मजकुरातली एक ठरावीक ओळ शोधते. वस्तीतल्या एखाद्या प्रकारात ती ओळ बदललेली असेल, तर चाचणी ‘नाही’ म्हणते आणि रोगट रोप स्वच्छतेचे प्रमाणपत्र घेऊन हजारो एकरांवर जाते. परदेशातल्या नमुन्यांवर बसवलेली चाचणी इथे आणण्याआधी ती इथल्या वस्तीवर घासून पाहिली पाहिजे. त्यासाठी पुन्हा तीच पाने लागतात.

म्हणून आज या सभागृहातल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि शेतकरी बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. मावळ, मुळशी, जुन्नर, पुरंदर, जिथे आपले जाणे-येणे असेल तिथल्या भेंडीचे, टोमॅटोचे, पपईचे, मिरचीचे रोगट पान दर हंगामात तोडा. जवळच एक निरोगी पानही तोडा. जुन्या वर्तमानपत्रात दाबून सावलीत वाळवा, कागद रोज बदला. लिफाफ्यावर पीक, वाण, गाव, तारीख आणि शेजारी कोणते तण होते, ते शाईने लिहा. तो लिफाफा आपल्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात द्या. विभागप्रमुखांनी तो नोंदवहीत चढवावा आणि कोरड्या कपाटात ठेवावा. संसर्ग पसरू नये म्हणून जिवंत झाड किंवा माशी मात्र कुणी हलवू नका, फक्त वाळलेले पान. कुलकर्ण्यांच्या लेखाला शंभर वर्षे होऊन गेली. यंदाच्या खरिपापासून हे काम सुरू करू या.